ऑइलच्या नटाला हात लावायचा नाही

सोमवार, ३

लाँड्रीच्या मुकादमानं सगळ्या गाडीवाल्यांना एकेक डायरी वाटली. म्हणाला, रोजच्या फेऱ्या लिहीत जा. फेऱ्या तो स्वतःच लिहितो, मग मी कशाला लिहू? पण घरात तोंड उघडायची सोय राहिलेली नाही. सासूबाईंना काही सांगितलं की धाकटीला कळतं, धाकटीला कळलं की दिराला फोन जातो. त्यापेक्षा इथं लिहिलेलं बरं. शाळा चौथीपर्यंत. अक्षर कसंही असो, वाचायचं मलाच आहे.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. गाडी एक आणि मालकिणी दोन, असा आमचा संसार. माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं मिळून ही व्हॅन घेतली. नवरा गेला. दीर परगावी पुलाच्या कामावर गेला. गाडी आली आम्हा दोघींच्या गळ्यात. सकाळी मी चालवते, दुपारनंतर ती. दवाखान्यातल्या मळक्या चादरी लाँड्रीत न्यायच्या आणि धुतलेल्या दवाखान्यात पोहोचवायच्या. काम एकच, पण ती करते तेव्हा पोती वाकडी लागतात.

आज सकाळी अंगणात गाडी उभी असते तिथं खाली बघितलं तर ताटलीएवढा काळा डाग. हात लावला, तेल. धाकटीला हाक मारली. ती केस विंचरत आली.

"हे काय?"

"तेल."

"ते मला दिसतंय. कधीपासून गळतंय?"

"मला काय माहीत, ताई. सकाळी गाडी तुमच्याकडे असते."

"काल संध्याकाळी इथं लावली कोणी?"

"मी लावली तेव्हा कोरडं होतं."

"वाकून बघितलंस?"

"तुम्ही कधी बघता वाकून?"

मी बघत नाही म्हणे. दर रविवारी ती डोक्याला तेल लावून पडलेली असते तेव्हा मी गाडीखाली जाऊन ऑइलचा नट आवळून घेते. नवऱ्याची शिकवण आहे. मिस्त्रीनं आवळला तरी वर आपला एक पीळ द्यायचा, दुसऱ्याच्या हातावर गाडी सोडायची नाही. आठवडाभर तिनं काय गाडी आदळली-आपटली असेल ते माझ्या एका पिळानं जागेवर येतं. हे तिला सांगायला जात नाही. सांगून उपकार करायचे आणि वर तिचं तोंड बघायचं, कोणी सांगितलंय.

मंगळवार, ४

फेरी झाल्यावर मिस्त्रीकडे गेले. हा मिस्त्री माझ्याच वयाचा, दाढी पांढरी झालीय, तरी मला मावशी म्हणतो. एकदा सांगून बघितलं. आता सोडून दिलंय.

गाडीखाली पाठीवर सरकत गेला आणि तिथूनच बोलायला लागला.

"मावशी, नट नुसता गरागरा फिरतोय."

"मग आवळ की."

"आवळायला आटे पाहिजेत. आटे गेलेत आतले. चेंबर अॅल्युमिनियमचं, नट लोखंडाचा. कोणीतरी जबरदस्ती केलीय."

जबरदस्ती कोणी केली ते मला विचारायची गरज नव्हती. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं भांडं. तेल तिथं साठतं. तळाला भोक, भोकात हा नट. जुनं तेल काढायचं असलं की हा उघडायचा. एवढीशी वस्तू, पण हा निसटला तर सगळं तेल रस्त्यावर आणि इंजिन भंगारात.

"काय करायचं?" मी विचारलं.

"चेंबर खाली उतरवतो. भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडतो, आत तारेची क्वाइल बसवतो. नव्यापेक्षा पक्कं होईल. दिवसभर गाडी ठेवा."

"दिवसभर? दवाखान्यात माणसं उघड्या गाद्यांवर झोपवू?"

"मग उद्या ठेवा."

"उद्या काय दवाखाना बंद असतो?"

"मावशी, हे खेळण्याचं काम नाही."

"तू आत्ता चालेल असं काहीतरी कर. टेप गुंडाळ, रबर घाल. तुझ्या दुकानात एवढी अडगळ आहे, त्यातलं काहीतरी कामाला येईल."

त्यानं कुरकुर करत टेप गुंडाळली, जाड वायसर घातला आणि नट ठोकून बसवला. म्हणाला, मी जबाबदारी घेत नाही. मिस्त्री लोकांना जबाबदारी कधीच नको असते. वर म्हणाला, तुमच्या जावेला सांगा, स्टिअरिंगसमोरचा तेलाचा लाल दिवा लागला की जागच्या जागी गाडी बंद करायची.

नाही सांगितलं. आमचं बोलणं बंद आहे. मी सांगितलेलं ती तशीही ऐकत नाही.

गुरुवार, ६

आज एक गोष्ट सापडली.

गाडीत चालवणाऱ्याच्या सीटखाली फडक्यात गुंडाळलेला लोखंडी पाइप. हातभर लांब. एका टोकाला चेपलेला. असा पाइप बाई गाडीत कशाला ठेवेल? ही रस्त्यावर कोणाला घाबरत नाही, हिला सगळे घाबरतात. परवा हॉर्न वाजवला म्हणून एका ट्रकवाल्याला खाली उतरायला लावलं होतं हिनं. मग पाइप कोणासाठी?

माझ्यासाठी. दुसरं कोण आहे.

पाइप होता तिथं परत ठेवला. तिला कळायला नको की मला कळलंय. आजपासून सीटवर बसताना आधी पाइप चाचपते, मग चावी लावते. तिनं पाठीमागून डोक्यात घातला तर निदान माहीत तरी असेल काय घातलं.

सासूबाईंना विचारलं, "धाकटी माझ्याबद्दल काही बोलते का?"

"बोलते."

"काय?"

"तू जे तिच्याबद्दल बोलतेस तेच."

म्हातारीचे कान गेलेत, जीभ तशीच आहे.

शनिवार, ८

सासूबाईंना सकाळी गोळ्यांची बाटली उघडेना. झाकण मी लावलं होतं. धाकटीनं काढायचा प्रयत्न केला, तिलाही निघेना. मग मी काढलं. मी लावलेलं मलाच निघतं, हे काय वाईट आहे का? धाकटी म्हणाली, "औषध रोग्यापासून लपवून ठेवायचं असेल तर तुमच्यासारखी बाई नाही." सासूबाई हसल्या. माझ्याच घरात माझ्यावर हसतात.

सोमवार, १०

आज सगळ्यांची नाचक्की झाली.

दुपारी चादरी घेऊन धाकटी निघाली. तासाभरानं मुकादमाचा फोन, तुमची गाडी चौकात बंद पडलीय, दवाखान्यातली सिस्टर मला खायला उठलीय. मी चपला घातल्या त्याही दोन वेगळ्या. धावत गेले. चौकात गाडी रस्त्याच्या कडेला, मागे काळ्या तेलाचा लांबच्या लांब पट्टा आणि धाकटी पायरीवर बसलेली, जसं काही बागेत आलीय.

"काय केलंस?"

"नट पडला."

"कुठं पडला?"

"मला सांगून पडला नाही, ताई. लाल दिवा लागला, मी गाडी बंद केली."

"बंद कशाला केलीस? दवाखाना दिसतोय इथून. दामटायची होतीस तिथवर."

"आणि इंजिन जाम झालं असतं म्हणजे?"

"तुला कोणी शिकवलं जाम होतं म्हणून?"

"तुमच्या दिरानं."

गाडीत अर्धे पैसे दिराचे, त्याचं नाव निघालं की मला पुढे बोलता येत नाही, हे तिला माहीत आहे.

मग आम्ही दोघींनी पोती उतरवली. बारकी हातगाडी मिळाली, तीत चादरी घालून ढकलत दवाखान्यात नेल्या. रस्ता चढाचा. ती डावीकडे ओढत होती, मी उजवीकडे, गाडी आपली सरळ चालली होती. मागच्या दारात सिस्टर उभी. कंबरेवर हात.

"ऑपरेशनं थांबलीत तुमच्यामुळे."

"गाडी बिघडली," मी म्हणाले.

"दर वेळी तुमचीच कशी बिघडते? तो हिरव्या टेम्पोवाला बघा, कधी ऐकलं नाही त्याचं."

धाकटी म्हणाली, "मग त्याच्या टेम्पोवर झोपवा पेशंटला." सिस्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. उर्मट बाई आहे ही धाकटी. पण सिस्टरला कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

संध्याकाळी मुकादम म्हणाला, गाडी नीट होईपर्यंत फेरी हिरव्या टेम्पोवाल्याकडे. आणि पुन्हा असं झालं तर कायमची त्याच्याकडे. हा हिरव्या टेम्पोवाला कधीपासून या फेरीवर डोळा ठेवून आहे. मुकादमाला रोज चहा पाजतो.

मंगळवार, ११

गाडी दोरी बांधून ओढत मिस्त्रीकडे नेली. धाकटीही आली. नको म्हटलं तरी आली. मी काहीतरी लपवेन असं तिला वाटतं.

मिस्त्रीनं आत बोट घातलं, कान लावला, हातानं इंजिन फिरवून बघितलं. म्हणाला, "वाचलंय. बाईंनी लगेच बंद केली म्हणून वाचलं. अजून एक चौक गेली असती तर गाडी भंगारात घालावी लागली असती."

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

नट एका पोरानं चौकातून आणून दिला होता. मिस्त्रीनं तो उजेडात धरला. "याचे कोपरे बघा. पार गोल झालेत. नुसत्या हाताच्या पान्यानं असं होत नाही. कोणीतरी जोर यावा म्हणून पान्याच्या दांड्याला पाइप लावून आवळलाय."

पाइप. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडीकडे गेले, सीटखालून फडकं ओढलं आणि पाइप आणून त्याच्या समोर ठेवला.

"हा घे. हिचा आहे."

धाकटी जराही लाजली नाही. "हो, माझा आहे. दर शनिवारी आवळते मी. यांच्या हातून सैल राहतो म्हणून."

"माझ्या हातून सैल?" मी म्हणाले. "मी दर रविवारी पान्यावर पाय देऊन उभी राहते. सगळं वजन टाकून. मला पाइपबिइप लागत नाही."

मिस्त्री एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. मग टायरवर बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याला विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. म्हणाला, "काही नाही, मावशी. चेंबरची दया आली."

एवढी वर्षं ह्याच्याकडे येतो आम्ही. माणूस कामाचा आहे, पण डोक्यानं थोडा सटकलेला.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. पाइप तिनं लावला. आटे तिनं घालवले.

बुधवार, १२

दिवसभर मिस्त्रीच्या दुकानात बसून राहिले. त्याच्यावर नजर ठेवायला. दुकानात एकच स्टूल, त्याचा एक पाय आखूड. मी तेच धरून बसले. धाकटी दाराशी उभी. ती कशावर नजर ठेवत होती ते तिलाच माहीत.

चेंबर खाली उतरवलं, रॉकेलनं धुतलं. भोकाकडे बघितलं तर आतली कडा चुरमडलेली, चघळून टाकल्यासारखी. मिस्त्रीनं आधी मोठ्या ड्रिलनं भोक साफ केलं. मग आटे पाडायचा टॅप घेतला, त्याला ग्रीस फासलं आणि अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा अर्धा पुढे, असा सावकाश फिरवायला लागला.

"सरळ फिरव की," मी म्हणाले. "संध्याकाळ करशील अशानं."

"सरळ फिरवला तर तुटतो, मावशी. प्रत्येक वेळी मागे घेऊन कीस मोडायला लागतो."

मग स्प्रिंगसारखी चकचकीत तार होती, ती त्या नव्या आट्यांत फिरवून बसवली. त्याचं नाव क्वाइल. आतून लोखंडाचे आटे झाले. अॅल्युमिनियमचा संबंध संपला. पुन्हा धुतलं, फुंकर मारली, बोट फिरवून बघितलं, नवीन गॅस्केट लावून चेंबर वर चढवलं. नवा नट, नवा तांब्याचा वायसर. नट हातानं बसवला आणि मग एवढासा पाना घेतला, वीतभरही नसेल, आणि टिचकी मारल्यासारखं आवळलं.

"झालं?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"झालं."

"एवढंच?" धाकटी म्हणाली.

"नटाला एवढंच लागतं, बाई. तांबं दबलं की बास. त्याच्या पुढचं सगळं आपल्या मनाचं समाधान असतं."

मग त्यानं लाल रंगाची डबी काढली. नटावरून चेंबरवर अशी एक सरळ रेघ ओढली. "ही रेघ जुळलेली दिसली की नट जागेवर आहे. रेघ तुटली की मला बोलवायचं. मला. तुम्ही नाही. ऑइलच्या नटाला हात लावायचा नाही. तुम्हीही नाही, मावशी, आणि बाई, तुम्हीही नाही. लिहून देऊ का?"

"आम्ही काय अडाणी आहोत?" मी म्हणाले.

त्यानं लाल रेघ पुन्हा एकदा गिरवली.

रात्री जेवताना मी विषय काढला. सासूबाईंना सगळं सांगितलं, पाइपचं, आट्यांचं, चौकाचं. धाकटी म्हणाली, "आणि यांचा पाय? यांचं वजन बघा आणि मग सांगा आटे कोणी घालवले." मी म्हणाले, माझं वजन माझ्या कष्टाचं आहे. ती म्हणाली, जेवणाचं आहे. मी ताट सरकवून उठले.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि खांदे हलत होते. पदर तोंडात. धाकटीनं म्हातारीला रडवलं. या वयात.

शुक्रवार, १४

गाडी परत आमच्याकडे, फेरीही. सिस्टरनं आज पोती मोजून घेतली, तोंडातून शब्द काढला नाही. बरंच झालं.

संध्याकाळी धाकटी परत यायच्या वेळेला मी आत पडले होते. गाडीचा आवाज आला, बंद झाला, मग काहीच नाही. दार वाजायला हवं होतं. वाजलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. पाना घेतला आणि बाहेर गेले. पाना नुसता बरोबर असावा म्हणून.

मागच्या बाजूनं गाडीखाली सरकले. पुढच्या बाजूनं धाकटी आधीच आत. दोघींची डोकी चेंबरखाली. तिच्या हातात बॅटरी.

"तू काय करतेस इथं?"

"रेघ बघतेय. तुम्ही?"

"मीपण रेघच बघतेय."

"पान्यानं?"

मी बॅटरी धरलेल्या हाताकडे बघितलं. दुसरा हात पोटाखाली दाबलेला.

"दुसरा हात काढ बाहेर."

काढला. त्यातही पाना.

रेघ जुळलेली होती. दोघींनी बघितली. पण बाहेर कोणी निघेना. मी आधी निघाले तर ती आवळणार, आणि ती आधी निघाली तर मी काय तशीच परत जाणार होते? पाठीला खडे टोचत होते. वर इंजिन गरम. एक थेंब घाम माझ्या कानात गेला.

"असं चालायचं नाही, ताई," ती म्हणाली.

"मी कधीपासून म्हणतेय."

"मग विकून टाकू. हिरव्या टेम्पोवाला मागतोय. वाटणी करू, तुम्ही तुमच्या वाटेनं, मी माझ्या."

मी लगेच म्हणाले, "टाक विकून."

का म्हणाले? कारण ती वाट बघत होती मी नाही म्हणायची. तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिला हवं होतं मी हातापाया पडावं, राहू दे गं म्हणावं. मी म्हणणार नाही.

शनिवार, १५

हिरव्या टेम्पोवाला रविवारी गाडी बघायला येणार. मुकादमाला त्यानं आधीच सांगितलं, गाडी माझी झाली की फेरीही माझी. मुकादम मला म्हणाला, तुम्हाला घडी घालायच्या टेबलावर घेईन. दिवसभर वाफेत उभं राहून चादरीला चादर लावायची. एवढी वर्षं माझ्या हातात स्टिअरिंग होतं. गेटवरचा वॉचमन लांबूनच फाटक उघडायचा.

धाकटीनं आज गाडी धुतली, आतूनही. विकायची गाडी कोणी इतकी घासतं? मी म्हणाले, "काच राहिली." तिनं काचही पुसली.

मी नाही म्हणावं म्हणून थांबलीय ती. थांब म्हणावं.

सासूबाई म्हणाल्या, "दोघींना विकायची नाही, मग विकतंय कोण?" कान गेले की माणूस काहीही बोलतं.

रविवार, १६

हिरव्या टेम्पोवाला दुपारी आला. अंगाला अत्तर. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली. टायरला लाथ मारून काय कळतं? दार उघडून जोरात आपटलं. धाकटीचा चेहरा उतरला, तेच दार ती काल पुसत होती.

"बायकांच्या हातात राहिलेली गाडी," तो म्हणाला. "इंजिन बघायला पाहिजे."

"बघा," मी म्हणाले.

"गिअर ओढून ओढून घालवले असतील. क्लचवर पाय ठेवूनच चालवतात बायका."

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी त्याच्याकडे. दुसरी आधी बोलेल म्हणून दोघीही वाट बघत होतो.

तो सतरंजी टाकून गाडीखाली गेला. खालून आवाज आला, "हे काय, रंग लावलाय? काहीतरी झाकलंय इथं." मग पान्याचा खण असा आवाज. "दोन थेंब तेल काढून बघतो."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की माझ्या हातात त्याचा डावा पाय होता आणि उजवा धाकटीच्या हातात. दोघींनी एकदम ओढला. शर्ट वर सरकला, पाठ खरचटली, तो ओरडत बाहेर आला.

"वेड लागलं का?"

"त्या नटाला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"घेणारा आहे मी. बघायचं नाही का?"

"घेणारा कोण?" धाकटी म्हणाली. "आम्ही विकतोय असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी सांगितलं असेल. यांनी सांगितलं का?" तिनं माझ्याकडे बोट केलं.

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले. "गाडी अर्धी माझी. माझी अर्धी विकायची नाही. तुम्हाला हिची अर्धी न्यायची असली तर न्या कापून."

तो धूळ झटकत उभा राहिला. आम्हाला दोघींना काय काय म्हणाला ते लिहीत नाही. धाकटीनं त्याला जे उत्तर दिलं तेही लिहीत नाही. ही बाई हे शब्द कुठं शिकली? फाटकाबाहेर जाईपर्यंत मी त्याच्या मागे होते. त्याचा पाना गाडीखालीच राहिला, तो मागायची हिंमत झाली नाही त्याला.

मग आम्ही दोघी खाली गेलो. तिच्या हातात बॅटरी. रेघ तुटली होती. नटावरची इकडे, चेंबरवरची तिकडे, मधे बोटभर अंतर, आणि नटाच्या कडेला तेलाचा थेंब लोंबकळत होता. रविवार, मिस्त्रीचं दुकान बंद. पहाटे चादरी न्यायच्या.

"तुम्ही आवळा," ती म्हणाली.

"तू आवळ. मी वजनदार आहे ना."

"ताई, थेंब पडतोय."

त्याचा पाना मी उचलला. लांब दांड्याचा, मधे बाक असलेला. लावला आणि ओढायला लागले. सावकाश. रेघ रेघेच्या जवळ आली. अजून जवळ. जुळली. थेंब थांबला.

पाना नटावर तसाच होता. हात म्हणत होता, अजून एक. नुसता जरासा. नवऱ्याचा हात माझ्या हातावर असल्यासारखा. धाकटी माझ्या मनगटाकडे बघत होती.

"जरा अजून?" ती हळूच म्हणाली.

"गप," मी म्हणाले, आणि पाना काढून घेतला.

सोमवार, १७

काल संध्याकाळी गाडीखाली जुना कागद पसरून ठेवला होता. पहाटे उठून बघितला तर कोरडा. त्याच्यावर गुडघ्याचे दोन ताजे ठसे होते, माझे नव्हेत. धाकटी अंथरुणात झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

चादरी वेळेवर पोहोचल्या.